पाटी कुठं लावायची

हदगावात रस्ता बंद करायला फारसं काही लागत नाही. डांबराचे दोन रिकामे ड्रम, त्यांच्यावर आडवी बल्ली, खाली चार दगड. दगड नसतील तर बाभळीची फांदी तोडून आडवी टाकायची. पोरं-टोरंसुद्धा पाच मिनिटांत रस्ता बंद करतात. मी गुत्तेदारीत बरीच वर्षं काढली; नाल्या, सिमेंटचे रस्ते, नळाच्या पाइपाच्या चाऱ्या, नळकांडी पूल. शिवाय गणपती मंडळाचा कारभारही बराच काळ माझ्याच गळ्यात होता. म्हणजे कामासाठीही रस्ते अडवले आणि मिरवणुकीसाठीही. त्यातले बहुतेक चुकीचे अडवले. कुणाचा जीव गेला नाही, याचं श्रेय माझ्याकडं नाही.

पहिली मोठी फजिती उसाच्या ट्रॅक्टरनं केली. गावातल्या एका रस्त्याचं सिमेंटीकरण चालू होतं. जुना रस्ता खोदून मुरूम भरला होता, रोलर फिरायचा होता. मी खड्ड्याच्या तोंडाशी ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी पाटी ठोकली आणि घरी जेवायला गेलो. साखर कारखान्यांचा हंगाम भरात होता. संध्याकाळी दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर त्या रस्त्यानं आत आला आणि माझ्या पाटीसमोर येऊन थांबला. एक ट्रॉली असली तर कसलेला ड्रायव्हर ती मागं घेतो. दोन ट्रॉल्या जोडल्या की पहिली डावीकडं वळते, दुसरी उजवीकडं, आणि मधला आकडा कुरकुरायला लागतो. दोन्ही बाजूंना घरांचे ओटे. शेवटी मागची ट्रॉली सोडली, दुसरा ट्रॅक्टर बोलावून ती उलटी ओढून काढली, मग पुढची. तोवर अर्ध्या गल्लीतल्या लेकरांनी ऊस उपसून खाल्ला होता.

ड्रायव्हर बीडकडचा होता, वयानं माझ्यापेक्षा मोठा. तो चिडला नाही, याचंच मला नवल वाटलं. म्हणाला, “मालक, इथं पाटी लावून काय उपयोग? इथं तर खड्डाच दिसतोय. पाटी तिकडं फाट्यावर लावायची ना!”

मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी पाटी तीस-चाळीस फूट पुढं सरकवली. मला वाटलं, सुधारणा झाली. त्या माणसानं एका वाक्यात या धंद्यातलं जे सांगण्यासारखं आहे ते सगळं सांगून टाकलं होतं, आणि ते कळायला मला आणखी दोन-चार माणसांना त्रास द्यावा लागला. पाटीची जागा खड्डा ठरवत नाही, येणारं वाहन ठरवतं. पायी माणूस कुठूनही वळतो. मोटारसायकल गल्लीत वळते. एसटीला चौक लागतो. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला तर नांदेड–नागपूर रोड सोडायच्या आधीच कळलं पाहिजे, कारण तो रोड सोडला की त्याचा निर्णय संपला. ज्या ठिकाणी माणूस अजून दुसरा रस्ता धरू शकतो, तिथं त्याला सांगायचं. त्यानंतर सांगितलं तर ती सूचना राहत नाही, नुसती अडवणूक होते.

हे सगळं कागदावर आधीपासून होतं, ही त्यातली लाजिरवाणी बाजू. एका तरुण अभियंत्यानं मला ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या एका पुस्तिकेची झेरॉक्स दिली होती: एसपी ५५, रस्त्यावर काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची याची मार्गदर्शक तत्त्वं. २००१ साली ती पहिल्यांदा निघाली, २०१४ मध्ये सुधारून पुन्हा. (ही संस्था स्वतः १९३४ सालची. देशातल्या रस्त्यांचा विचार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्यांच्या समितीच्या शिफारशीतून ती उभी राहिली. आमच्या गुत्तेदार मंडळींत हे कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं.) पुस्तिकेत कामाच्या जागेचे चार भाग पाडलेले आहेत: आधी सावध करण्याचा टप्पा, मग वाहन हळूहळू बाजूला घेण्याचा, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी वाहन पुन्हा मूळ रस्त्यावर आणण्याचा. मी आयुष्यभर फक्त तिसरा भाग ओळखत होतो. झेरॉक्स कपाटात बिलांच्या फायलीखाली पडून राहिली.

आता त्या रात्रीचं सांगतो, जे मी बरीच वर्षं कुणाला नीट सांगितलं नाही.

नळाच्या पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदला होता. दोन्ही बाजूंना ड्रम, बल्ली, दगड. ड्रम काळे, डांबर लागलेले. पांढरे-लाल पट्टे मारायचे होते, रंग आणायचा राहिला होता. त्यात भारनियमन, गल्लीत दिवा नाही. नांदेडहून काम आटपून येणारा एक पोरगा मोटारसायकलसकट ड्रमवर आदळला आणि चारीत पडला. मांडीचं हाड मोडलं.

मुकादमाचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते, “गाडी जोरात असंल.” दुसरं, “पिलेला होता का?” तो पिलेला नव्हता. आणि दवाखान्यात जाण्याआधी मी काय केलं, तर मुकादमाला दुकान उघडायला लावून रेडियमची पट्टी आणवली आणि ड्रमांना चिकटवायला सांगितली. पंचनामा झालाच तर ड्रमवर रेडियम दिसावं म्हणून. मग दवाखान्यात गेलो, खर्च करतो म्हणालो, केलाही. तक्रार झाली नाही. त्या वेळी मी सुटलो असं मला वाटलं होतं. गाडी जोरात होती असं मी गावात पुढंही सांगत राहिलो, आणि लोकांना ते पटलंही. पोरं गाड्या जोरातच चालवतात, असं सगळ्यांचंच मत असतं.

पुढं मी तो हिशेब करून पाहिला. ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसून, ते काय आहे हे कळून, ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ रस्त्यांच्या शास्त्रात अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात सत्तावीस-अठ्ठावीस मीटर गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी. एकूण ४५ मीटर. ताशी ६० असेल तर ८० मीटर. जुन्या मोटारसायकलच्या पिवळ्या दिव्यात काळा ड्रम किती लांबून दिसतो, ते मी एकदा अंधारात स्वतः गाडी चालवून बघितलं. हळू चालवत होतो, ड्रम कुठं आहे ते मला माहीत होतं, तरी तो दिसला तेव्हा पोटात गोळा आला. पोरगा चाळीसनं येत असता तरी पडलाच असता.

त्या पट्टीची किंमत किती? एका ड्रमला चहा-नाश्त्याच्या पैशात रेडियम होतं. आणि ती नव्हती त्याचं कारण रंग राहिला हे नव्हतंच. मोठ्या कामांत पाट्या, बॅरिकेड, दिवे, झेंडीवाला माणूस यांचे पैसे अंदाजपत्रकात धरलेले असतात. लहान कामांत पुष्कळदा ते वेगळे धरलेले नसतात, गुत्तेदारानं आपल्या दरातून करावं असं गृहीत असतं. आणि गुत्तेदार सगळ्यात आधी कशावर हात मारतो? सिमेंट कमी केलं तर क्यूब तपासणीत सापडतं. लोखंड कमी केलं तर मोजमापात सापडतं. न लावलेली पाटी कुठल्याच तपासणीत सापडत नाही. मी ते पैसे खाल्ले. सरळ सांगायचं तर तेवढंच आहे.

दगडांचाही एक वेगळा पाप-हिशेब आहे. काम संपलं की ड्रम दुसऱ्या कामावर लागतात म्हणून आठवणीनं उचलले जातात. बल्ली महाग, ती पण जाते. दगड फुकटचे, ते राहतात. रस्ता चांगला गुळगुळीत झालेला, गाड्या पळायला लागलेल्या, आणि मधोमध बंदीचे दोन दगड. ज्या बंदीमुळं लोक सुरक्षित राहायचे, तीच उठल्यावर खड्ड्यापेक्षा वाईट. हे माझ्या एकट्याचं नाही. मराठवाड्यात रात्री गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

पर्यायी रस्त्याच्या बाबतीत माझी चूक आळसाची होती. मी तो मोटारसायकलवरून बघायचो. मोटारसायकलवरून हदगावातला कुठलाही बोळ पर्यायी रस्ता दिसतो. मुख्य रस्ता बंद असताना ज्या बाजूनं मी वाहतूक वळवली तिथं एका घराकडं गेलेली विजेची तार खाली लोंबत होती, आणि दिवस कापसाचे होते. कापसाचा टेम्पो म्हणजे हौद्याच्या वर दुप्पट उंच आणि दोन्ही अंगांनी फुगलेला. तार अडकली, सुदैवानं ठिणगी न पडता तुटली. कापसात ठिणगी पडली असती तर पुढचं लिहायची गरज राहिली नसती. तेव्हापासून मी नवा रस्ता बघायला जाताना एक लांब बांबू उभा धरून ट्रॉलीत बसतो. लोक हसतात. हसू द्या.

आणि सांगायचं कुणाला? इथं तर मी मोठा नियमवाला होतो. रस्ता थोड्या दिवसांसाठी बंद करायचा असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली आदेश निघतो. बंदी महिन्याभराहून जास्त नसेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली पाहिजे. परवानगीची फाइल माझी नेहमी पक्की असायची. आदेशाची प्रत, बातमी, भिंतीवर कागद. ज्यांना वाचायला वेळ आहे अशा सगळ्यांना मी कळवलं होतं. ज्यांना त्या रस्त्यानं जायचंच होतं, त्यांच्यापैकी कुणालाही कळवलं नव्हतं.

एसटीची मुक्कामी गाडी रात्री आली आणि अडकली. कंडक्टर खाली उतरून बॅटरी मारत रस्ता शोधतोय, प्रवासी खिडकीतून मला शिव्या देतायत. मी समोरच उभा होतो, ओळखलं कुणी नाही एवढंच. हदगावात आगार आहे, तिथल्या वाहतूक नियंत्रकाच्या टेबलापर्यंत चालत जायचं होतं फक्त. दूधवाले, शाळेच्या ऑटोचे मामा, गॅसची गाडी, घंटागाडी, १०८ रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, यांतला एकही माणूस भिंतीवरचा आदेश वाचत नाही. यांना तोंडी सांगावं लागतं, आणि आदल्या दिवशी सांगून भागत नाही, दोनदा सांगावं लागतं. शाळेच्या ऑटोवाल्या एका मामांनी मला ऐकवलं, “तुम्ही बंद करा हो, आमचं काही नाही. पण लेकरं घरी न्यायला उशीर झाला की त्यांच्या माया आम्हाला धरतात, तुम्हाला नाही.”

गणपतीचं प्रकरण याहून वेगळं. तिथं पैशाचा लोभ नव्हता, उत्साह होता, आणि उत्साहाला चूक दाखवणं जास्त अवघड जातं. विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी आम्ही रस्त्याची दोन्ही तोंडं बांबू आडवे लावून सुंभानं करकचून बांधली. मधल्या फटीतून मोटारसायकली घुसतात म्हणून आणखी दोन वेढे. गाठी मी स्वतः मारल्या होत्या, अभिमानानं. मिरवणूक रंगात आली तेव्हा आतल्या एका घरातल्या म्हाताऱ्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. गाडी त्यांच्या दारात होती. ती बाहेर निघेना. गाठी सुटेनात, घाईत सुंभ आणखी आवळत गेलं, ढोलांच्या आवाजात विळा आणा म्हणून ओरडलेलं कुणाला ऐकू जाईना. शेवटी पोरांनी काकांना खुर्चीत बसवून, खुर्ची डोक्यावर धरून बांबूंच्या वरून पलीकडं दिलं. लोकांना वाटलं कुणी पुढारी आला, काहींनी गुलाल टाकला. काका वाचले. पुढं भेटले की मला ‘गुलालवाले’ म्हणायचे.

त्या दिवसापासून मिरवणुकीच्या तोंडाला गाठ नाही. दोरीचं एक टोक खांबाला आणि दुसरं माणसाच्या हातात. माणूस नसेल तर रस्ता बंद करायचा नाही. हे पोरांना पटवणं कठीण जातं, कारण दोरी धरून उभं राहणाऱ्याला नाचता येत नाही. म्हणून पाळ्या लावल्या. त्यातही भांडणं झाली, पण ती चालतील.

बंद रस्त्यात वाहनं नसली म्हणजे तो सुरक्षित झाला, असं मी धरून चाललो होतो. पण गाड्या काढल्या की त्यांच्या जागी माणसं भरतात, आणि माणसांना बाहेर पडायला वाट लागते. नाशिकला २७ ऑगस्ट २००३ रोजी कुंभमेळ्याच्या पर्वणीला रामकुंडाकडं जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. रस्ता वाहनांसाठी बंदच होता. आमच्या तालुक्यात तामशाच्या बारालिंगाला संक्रांतीच्या करीला भाजी-भाकरीची पंगत होते, लांबून माणसं येतात. तिथं गेलो की हल्ली देवाला हात जोडायच्या आधी माझी नजर बाहेरच्या वाटा मोजते. ही सवय चांगली की वाईट ते माहीत नाही. बायको म्हणते, जिथं जाल तिथं तुम्हाला बल्ल्याच दिसतात.

मंडपाचंही तसंच. अग्निशमनाच्या गाडीला आत शिरायला साडेचार मीटर मोकळी रुंदी धरतात. आमच्या मंडपाच्या बाजूला आम्ही स्कूटी जाईल एवढी जागा सोडायचो आणि ‘रस्ता मोकळा ठेवलाय’ म्हणायचो. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयानं रस्त्यावरच्या मंडपांबद्दल कडक आदेश दिले, तेव्हा आमच्या मंडळाच्या बैठकीत न्यायालयावर बरंच तोंडसुख घेतलं गेलं. त्यात माझा आवाज वरच्या पट्टीत होता. टेप घेऊन मंडपाची बाजू मोजायला कुणी उठलं नाही. मीही नाही, आणि टेप तर माझ्याच पिशवीत असायचा.

पाटीची जागा मला पुरती पटली ती पुण्यातल्या एका रात्रीमुळं, तीही टीव्हीवर बघून. चांदणी चौकातला जुना पूल १ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडायचा होता. सगळे पूल पडायची वाट बघत होते; मी बघत होतो गाड्या कुठं अडवल्यात ते. साताऱ्याकडून येणारी जड वाहनं खेड-शिवापूरच्या टोलनाक्याशी थांबवली होती, मुंबईकडची उर्से टोलनाक्याशी. म्हणजे पुलापासून कितीतरी लांब, जिथं ट्रकला उभं राहायला जागा आहे, चहा आहे, ड्रायव्हरला झोप काढता येते. पूल पहिल्या दणक्यात पूर्ण पडला नाही, राडारोडा उचलायला वेळ गेला, ठरलेल्या वेळेत रस्ता उघडला नाही. तरी पुलाच्या तोंडाशी ट्रकांची रांग अडकून पडली नव्हती. बीडचा तो ड्रायव्हर मला आठवला. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं.

आमच्याच रोडवर, वारंगा फाट्यापासून महागावपर्यंत, चौपदरीकरण कित्येक वर्षं रेंगाळलं. त्या धुळीतून आणि एकाएकी उजवीकडं-डावीकडं फेकणाऱ्या वळणांतून आम्ही सगळे गेलो. मीही शिव्या घातल्या. घालताना मधूनच जीभ अडखळायची.

रस्ता उघडायच्या वेळीही मी एकदा वाकलो. सिमेंटचा रस्ता टाकल्यावर चौदा दिवस तरी पाणी मारायचं, आणि जड गाड्या सोडायच्या तर अठ्ठावीस दिवस थांबायचं, हे मुकादमाच्या पोरालाही पाठ असतं. पण गल्लीत लग्न होतं. वधूपिता घरी आले, म्हणाले, “भाऊ, वऱ्हाडाची गाडी दारात आली पाहिजे हो, पाहुण्यात मान जातो.” सोयरिकीतले. मी बल्ली काढली. एक गाडी सोडायची होती. बल्ली निघालेली दिसली म्हणून मागोमाग वाळूचा टिप्पर आला. त्याच्या चाकांचे दोन पन्हाळे अजून त्या रस्त्यात आहेत, पावसात पाणी साचतं. बंदी एकासाठी उघडत नाही, हे तेव्हा कळलं. लग्नाची तारीख महिनाभर आधी सगळ्या गल्लीला माहीत होती. काम सुरू करायच्या आधी एका घरात चहा पीत चौकशी केली असती तर मी तो रस्ता लग्नानंतर धरला असता.

गुत्तेदारी आता मुलगा बघतो. मंडळ पोरांकडं आहे. गेल्या मिरवणुकीच्या वेळी पाटी नेमकी जिथं हवी तिथं, फाट्यावर लावली होती. मी मुद्दाम बघायला गेलो. बारा फुटांचा फ्लेक्स, वर पुढाऱ्यांचे फोटो, मध्ये मंडळाचं नाव, त्याखाली शुभेच्छुकांची रांग, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, टमाट्याच्या गाड्यामागं झाकलेलं, ‘रस्ता बंद, पर्यायी मार्ग’ आणि एक बाण. बाण उलट्या दिशेला होता. मी म्हटलं, नवा छापा, फोटो काढा, बाण मोठा करा. बाण सरळ करायला फ्लेक्सवाल्याला दोन मिनिटं लागली. कुणाचा फोटो काढायचा यावर बैठक रात्री उशिरापर्यंत चालली.